मार्क कुठं गेले?

दिवाळीची सुट्टी संपली की वरोऱ्यातल्या शाळांमध्ये सहामाहीचे पेपर दाखवतात. बाहेर कापसाची वेचणी सुरू असते, त्यामुळे खेड्यावरून येणारी बरीच पोरं गैरहजर असतात. पण उद्या पेपर दाखवणार हे कळलं की तीही हजर होतात. एकाच बाकावर चौघं बसतात, खिडकीत दुसऱ्या तुकडीची डोकी दिसतात. वर्षभरात एवढी उत्सुकता, एवढी एकाग्रता आणि एवढी बारीक नजर मी दुसऱ्या कोणत्याच तासाला पाहिलेली नाही. ती नजर चुकीवर पडत नाही, एवढाच काय तो दोष.

पेपर हातात आला की आधी पहिल्या पानावरची चौकट पाहायची आणि मग आत शिरून बेरीज करायची. ज्या मुलाने गणिताच्या पेपरात सात आणि आठ मिळून चौदा केलेले असतात, तोच मुलगा साडेतीन, दीड, अडीच, अर्धा, पाऊण अशी रांग बोटं न मोडता मिळवतो आणि "सर, अर्धा मार्क धरला नाही जी" म्हणत टेबलापाशी येतो. त्याचं बरोबर असतं. माझ्या पाहण्यात अजून कोणाचं चुकलेलं नाही. अपूर्णांक येत नाहीत म्हणून ज्याच्या प्रगतिपत्रकावर वर्षानुवर्षं शेरे पडले, त्याला अपूर्णांक येतात याचा हा लेखी पुरावा. पण तो प्रश्न कोणी पेपरात विचारत नाही.

दुसरा टप्पा तुलनेचा. "सर, याले दोन भेटले, मले दीडच काऊन? लिवलं त दोघाईनं सारखंच." दोघांनी शब्दन् शब्द सारखं कसं लिहिलं, हा प्रश्न निघू शकतो, हे त्या घाईत दोघांच्याही ध्यानात येत नाही. शिक्षकांकडे यावर एक पिढीजात अस्त्र आहे: "मग याचा अर्धा कमी करू का?" शेजारचा ताबडतोब आपला पेपर पोटाशी धरतो, आणि सकाळपर्यंत एका डब्यात जेवणारे दोघं मधल्या सुट्टीपर्यंत बोलत नाहीत. आमच्यातले काही मुरलेले मास्तर तर पेपर तपासतानाच प्रत्येकाचा अर्धा मार्क हातचा राखून ठेवतात. मागायला येणारच, तर द्यायला काही तरी हवं. मिळाला की पोरगं खूश, दिला की सर दयाळू. मूळ उत्तर चूक होतं की बरोबर, हा विषय दोघांच्याही अजेंड्यावर नसतो.

मग पेपर घरी जातो, पालकांच्या सहीसाठी. आनंदवन चौकापासून रत्नमाला चौकापर्यंत कोणत्याही घराचं दार वाजवा, आत एक हुशार मूल आहे आणि त्याच्या हातून सिली मिस्टेक झालेली आहे. 'आमच्या पोराले ते समजलंच नाही' असं म्हणणारा पालक मला अजून भेटायचा आहे. "सर, याले सगळं येते, फक्त घाई करते." ऐंशीपैकी एकोणीस मार्क पडले तरी उरलेले एकसष्ट घाईत गेलेले असतात. एवढी घाई असलेला माणूस वेळेआधी पेपर देऊन घरी जायला हवा. हा तर शेवटची घंटा होईस्तोवर छताकडे बघत बसलेला असतो.

छताकडे बघायला वेळही भरपूर आहे. 2023 पासून मंडळाने दहावी-बारावीच्या पेपरला शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली. ती तरी लिहिलेलं वाचून पाहायला वापरावीत, ही सगळ्या शिक्षकांची भाबडी अपेक्षा. प्रत्यक्षात ती पुरवणीला दोरा बांधण्यात, दोरा सुटल्यावर पुन्हा बांधण्यात आणि पुढच्याने किती पुरवण्या घेतल्या हे मोजण्यात जातात.

वरोऱ्याचं नाव काढलं की बाहेरगावचा माणूस आनंदवनाबद्दल विचारतो. बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती काढली ती इथलीच. त्या आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे, म्हणून ब्रेलची पाटी काय असते हे आमच्या गावाला इतर गावांपेक्षा जरा जास्त माहीत. जाड कागद पाटीच्या चौकटीत अडकवायचा आणि टोकदार सळईने एकेक टिंब टोचत जायचं, तेही उजवीकडून डावीकडे. उठाव येतो मागच्या बाजूला. म्हणजे लिहिताना आपण काय लिहितोय ते बोटाला लागतच नाही. कागद काढून, उलटवून, डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं की मग कळतं. टिंब चुकलं तर ते नखाने दाबून सपाट करायचं किंवा त्या अक्षरावर सहाच्या सहा टिंबं टोचून ते रद्द करायचं. म्हणजे लिहून झाल्यावर उलटून वाचणं ही तिथे सद्वर्तनाची गोष्ट नाही, ती लिहिण्याचीच दुसरी अर्धी बाजू आहे. आमच्या डोळस वर्गात कागद न उलटवताच सगळं दिसतं, म्हणून कोणी बघत नाही.

आता शाळांनी चुका सुधारायला काहीच केलं नाही असं नाही. जुना उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: चुकलेला शब्द दहा वेळा लिहा. मी मराठी शिकवतो, त्यामुळे या उपायाचा मी घाऊक व्यापारी आहे. पोरं तो कसा करतात ते कधी जवळून बघा. 'विद्यार्थी' हा शब्द दहा वेळा लिहायचा तर आधी 'वि' वरून खाली दहा वेळा उतरवतात, मग वर जाऊन 'द्या' दहा वेळा, मग 'र्थी'. तीन उभे खांब तयार होतात. शब्द एकदाही लिहिला जात नाही, वाचला तर त्याहून जात नाही. मधल्या खांबात 'द्या'ऐवजी 'ध्या' घुसला तर तो दहाच्या दहा वेळा घुसतो, आणि खाली पालकांची सही असते. एक चूक दिली की दहा परत मिळतात, असा हा व्याजाचा धंदा आहे.

पुढे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक आणि संकलित आलं, वर्णनात्मक नोंदी आल्या. नोंद मुलागणिक वेगळी असावी असा नियम. चार तुकड्यांच्या मुलांबद्दल वेगवेगळं काय लिहायचं, या चिंतेत 'सुवाच्य लिहितो', 'लेखन सुवाच्य आहे' आणि 'सुवाच्य लेखन करतो' अशी तीन मुलं वेगळी झाली. आणि अलीकडे आली चूक-दुरुस्तीची वही. कल्पना झकास आहे, हे आधीच सांगतो. पेपर मिळाल्यावर मुलाने तीन रकाने भरायचे: माझी चूक, चुकीचं कारण, आता मी काय करेन. परदेशातल्या विद्यापीठांतही असलं काही तरी करतात, पेपरला एक चिंतनाचा कागद जोडतात आणि अभ्यास कसा केला होता, कुठे गेलं, पुढच्या वेळी काय बदलणार, हे मुलालाच विचारतात.

आमच्याकडे पहिल्या दिवशी आलेली पहिली वही अशी होती.

माझी चूक: उत्तर चुकले.
कारण: चुकून.
आता मी काय करेन: चुकणार नाही.

तर्कशास्त्राला यात खोट काढता येत नाही. मी ती वही स्टाफरूममध्ये फिरवली. हेडसर म्हणाले, "मुद्देसूद आहे." दुसऱ्या आठवड्यात चिंतनात सुधारणा झाली, म्हणजे ते एकमेकांचं बघून होऊ लागलं. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीने आपलं मनोगत मनापासून लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत ते चारही तुकड्यांत पोचलं. ऐंशीपैकी अकरा मिळालेल्या एका उंच, मिशी फुटलेल्या गड्याच्या वहीत मी वाचलं: 'मी वर्गात पहिली आली तरी मला समाधान नाही.' त्याला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, "समाधान त नाहीच ना सर." पुढे बोलायला जागा राहिली नाही.

आम्ही शेरेही लिहितोच. लाल शाईने, समासात, तपासणीच्या रात्री डोळे चुरचुरत असताना: 'आकृती नीट काढ', 'प्रश्न पुन्हा वाच', 'मुद्दा सुटला'. हे शेरे कोण वाचतं, याचा छडा इस्रायलच्या रूथ बटलर बाईंनी 1988 साली लावला होता. त्यांनी काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा दिला, आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. ज्यांना दोन्ही मिळालं, त्यांची गत नुसते गुण मिळालेल्यांसारखीच झाली. आकडा दिसला की पोरं त्याच्या पलीकडे जात नाहीत. हे कळायला इस्रायलपर्यंत जायची गरज नव्हती, आमच्या वर्गाच्या दारात उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण तिथे कोणी मोजून बघितलं नव्हतं.

आमच्या गणिताच्या सरांनी हे कुठे तरी वाचलं आणि नववीचे पेपर मार्काशिवाय वाटले. बरोबरला टिकमार्क, चुकीखाली रेघ, बस. गुण त्यांच्या वहीत, वही कपाटात, आणि किल्ली त्यांच्या खिशात.

वर्गात आधी शांतता पसरली. मग कुजबुज. मग एकाने पेपर खिडकीकडे धरून उजेडात पाहिला, खोडलेला आकडा दिसतो का म्हणून. एकाने मागून विचारलं, "सर, मार्क कुठं गेले?" सर म्हणाले, "पेपरातच आहेत, शोधा." दुपारपर्यंत गावात बातमी पसरली की सरांकडून मार्कांची यादी हरवली आहे. संध्याकाळी एका पालकांचा फोन आला: "सर, काही अडचण असन त सांगा, आपण वरपर्यंत बोलू." एका मुलीच्या आजीने तर, मार्क लिहीत नाहीत म्हणजे फी राहिली असेल, असा निष्कर्ष काढून पैसे पाठवले.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. मार्क सांगत नाहीत तर आपणच काढू, असं पोरांनी ठरवलं. प्रश्नपत्रिका काढल्या, प्रत्येक प्रश्नासमोरचे गुण पाहिले आणि एकेक पायरी धरून हिशोब सुरू केला. सूत्र लिहिलं त्याचा एक, किंमत घातली त्याचा अर्धा, इथे रेघ आहे म्हणजे इथून गेलं. "इथून काऊन गेलं बे?" "चिन्ह बघ ना." "माह्यं बी तिथूनच गेलं." मधली सुट्टी संपली तरी कोणी उठेना. मार्क काढायचे तर प्रत्येक उत्तर वाचावं लागत होतं, आणि रेघेपाशी थांबून ती का आहे हे शेजाऱ्याला पटवावंही लागत होतं. जी घासाघीस टेबलापाशी सरांशी व्हायची, ती आता बाकावर आपसात होत होती. सर दाराआड उभे राहून ऐकत होते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत आपल्याशिवाय एवढं गणित होताना त्यांनी पाहिलं नव्हतं, असं ते मला म्हणाले. त्यात आनंद किती आणि अपमान किती होता ते कळलं नाही.

मग त्यांनी दुकानच उघडलं. चूक का झाली हे फळ्यापाशी येऊन वर्गाला पटवून द्या आणि अर्धा मार्क परत न्या. 'चुकून' हे कारण चालणार नाही. 'घाई' एकदाच चालेल.

पहिला आला तो मागच्या बाकावरचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याने ए अधिक बी या कंसाचा वर्ग काढताना ए वर्ग अधिक बी वर्ग लिहिलं होतं. मधला टू एबी गायब. ही चूक एकट्याची नाही, ती दर वर्षी प्रत्येक वर्गात उगवते. त्याला कारण विचारलं तर तो म्हणाला, "सर, कंसाच्या बाहेर समोर दोन असला का आपण दोघालेबी वाटतो. मग तोच दोन वर जाऊन बसला त काऊन नाही वाटायचा?"

सर फळ्याकडे बघत राहिले. मीही खिडकीतून बघत होतो. ही सिली मिस्टेक नव्हती, ही तर न्यायबुद्धी होती. दोन गुणिले कंस असेल तर दोन आतल्या दोघांना मिळतो, हे पोरगं सातवीत शिकलं, आणि तोच नियम त्याने घातांकालाही लावला. त्याला नियम येत होता, म्हणूनच तो चुकला होता. मूल एवढं सरळ वागलं तर आपण त्याला म्हणतो, लक्ष कुठे होतं तुझं?

सरांनी फळ्यावर सात बाय सातचं वावर काढलं. एका बाजूला तीन आणि चार अशी खूण, दुसऱ्या बाजूलाही तीन आणि चार. एका कोपऱ्यात तीन बाय तीनचा तुकडा, म्हणजे नऊ. समोरच्या कोपऱ्यात चार बाय चारचा, सोळा. "नऊ आणि सोळा किती?" "पंचवीस." "आणि आख्खं वावर?" "एकोणपन्नास." वर्ग गप्प. मग तोच मुलगा पुढे सरकला, धुऱ्याकडचे उरलेले दोन लांबट पट्टे बोटाने दाखवले, तीन चोक बारा आणि बारा, चोवीस, आणि भडकून म्हणाला, "मग हे चोवीस कोणाच्या सातबाऱ्यावर चढलं जी?" जमिनीचा मामला निघाल्याबरोबर वर्गाने असा काही गलका केला की शेजारच्या तुकडीचे सर बघायला आले. त्या वर्गात टू एबी विसरणारं पोरगं आता सापडत नाही. तो म्हणजे तलाठ्याने खाल्लेला पट्टा आहे, हे सगळ्यांना पाठ झालं आहे.

छातीठोकपणे केलेली चूक जास्त पक्की सुधारते, असं अमेरिकेतल्या बटरफिल्ड आणि मेटकाफ या संशोधकांना 2001 साली आढळलं होतं. आपण गोंधळत, चाचरत दिलेल्या चुकीच्या उत्तराची दुरुस्ती विसरून जातो, पण छाती ठोकून दिलेलं चुकीचं निघालं की धक्का बसतो, आणि मग नवं उत्तर घट्ट बसतं. म्हणजे आमच्या विदर्भातल्या पोरांना शिकायला मोठा वाव आहे. इथे चाचरत कोणी काहीच सांगत नाही.

चुकीमागे कारण असतं, हे सरकारी पातळीवर मान्य होणं किती महागात पडतं, ते महाराष्ट्राने 2019 च्या जूनमध्ये पाहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं आणि राज्यभर हसण्याचा पूर आला. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावरूनही कोट्या झाल्या. हे पुस्तक करणाऱ्या समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं: मुलं अंक लिहिताना उलटसुलट करतात, पासष्ट सांगितलं की छपन्न लिहितात, ते का? पासष्टमध्ये कानावर पाच आधी पडतो आणि कागदावर सहा आधी लिहावा लागतो. शिवाय त्रेपन्न, त्र्याहत्तर, त्र्याण्णव ही जोडाक्षरांची फौज. मूल कानाशी प्रामाणिक राहतं आणि पाटीवर नापास होतं. हे त्यांनी मुलांच्या चुकांकडे बघून ठरवलं होतं. हसणाऱ्यांनी मुलांच्या चुका बघितल्या नव्हत्या, फक्त पुस्तकाचं पान बघितलं होतं, तेही मोबाईलवर.

आमच्या भागात ही गोष्ट एवढी हसण्यावारी जायला नको होती. राजुऱ्याकडे किंवा तिकडे सिरोंच्याला ज्या घरात तेलुगू बोलतात, तिथलं पोरगं एकवीसला 'इरवै ओकटी' म्हणतं, म्हणजे वीस एकच. ते शाळेत आलं की त्याला एकवीस, एकतीस, एकेचाळीस नव्याने घोकावं लागतं आणि चुकलं की आपण म्हणतो, घरी अभ्यास घेत नाहीत. नारळीकर बाईंनी जुने शब्द काढून टाकायला सांगितलेही नव्हते. पण वाद पेटला की पुस्तक कोण उघडतो? मला स्वतःला 'वीस एक' कानाला खटकतं, ते राहू दे. मी दुसरीत नाही.

दहावी-बारावीला तर पेपर दाखवायचा दिवसही पैशाने विकत घ्यावा लागतो. छायाप्रतीसाठी एका विषयाचे 400 रुपये, आणि ती हातात आल्याशिवाय पुनर्मूल्यांकन नाही. छायाप्रत आली की घरचे सगळे, ओळखीचे मास्तर आणि पलीकडच्या गल्लीतला इंजिनिअर झालेला दादा असे बसून कुठे अर्धा सुटला ते शोधतात. 400 रुपये मोजून मिळवलेल्या आपल्याच चुका कोणी बघत नाही, फक्त तपासनिसांच्या बघतात. त्या सापडल्या नाहीत तर फेरपरीक्षा. पूर्वी ती ऑक्टोबरात व्हायची, तिला ऑक्टोबरची वारी म्हणत. 2015 पासून दहावीची जुलैत होऊ लागली, म्हणजे आषाढीची वारी आणि ही एकाच सुमारास.

अर्ध्या मार्काचं दुकान बघून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पोरांनीही तीन रकान्यांची वही उत्साहाने उचलली. एकीने त्यात मंडळालाच बसवलं. 21 फेब्रुवारी 2023 चा बारावीचा इंग्रजीचा पेपर तिला तिच्या ताईने सांगितला होता. कवितेच्या भागात प्रश्नांच्या जागी तपासनिसांसाठीच्या सूचना छापून आल्या होत्या, आणि मंडळाने त्याचे सहा गुण विद्यार्थ्यांना द्यायचं ठरवलं. तिने वहीत लिहिलं: चूक, प्रश्नच छापला नाही. कारण, रिकामं. आता मी काय करेन, सहा मार्क देईन.

वही माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "सर, आम्ही चुकलो त आमचे मार्क कापता. मंडळ चुकलं तरी मार्क आमालेच भेटते. मग मंडळाले तेवढं चुकू द्या ना जी, काऊन सुधरवता?"